मग?

लहान मुलांना गोष्ट सांगताना एक अनुभव हटकून येतो. राजा शिकारीला गेला, असे म्हणावे तोच समोरून प्रश्न येतो, "मग?" राजाला वाटेत हरिण दिसले. "मग?" राजाने बाण सोडला. "मग?" गोष्ट सांगणाऱ्याची कल्पनाशक्ती थकते, पण त्या दोन अक्षरांना थकवा म्हणून ठाऊक नसतो. मूल मोठे होऊ लागले की हा प्रश्न हळूहळू मावळतो. शाळेत आम्ही शिक्षकच तो मावळवतो, असा आरोप आमच्या प्रोफेसरांनी माझ्यावर अनेकदा केला आहे. आणि छत्तीस वर्षे मुलांना "आता प्रश्न पुरे, पुस्तके उघडा" असे सांगण्यात घालविल्यामुळे मला तो सर्वस्वी नाकारताही येत नाही.

हे प्रोफेसर म्हणजे सदाशिव पेठेतले माझे शेजारी. त्यांनी जन्मभर अर्थशास्त्र शिकविले, मी मराठी. सेवानिवृत्तीनंतर दोघांच्याही हाती घरून एकेक कापडी पिशवी देण्यात आली आणि मंडईची वाट दाखविण्यात आली. ज्या गृहस्थांनी मागणी आणि पुरवठा यांवर तीस वर्षे व्याख्याने दिली, त्यांना ताजी मेथी आणि कालची मेथी यांतला भेद अद्याप उमगत नाही, ही त्यांच्या घरची जुनी तक्रार आहे. मला तो उमगतो. म्हणून आम्ही जोडीने जातो. मी भाजी पारखतो आणि ते माणसे न्याहाळतात.

"अर्थशास्त्र म्हणजे तरी काय हो?" असे मी त्यांना एकदा वाटेत विचारले होते. मला वाटले, आता एखादी भारदस्त व्याख्या ऐकावी लागणार. ते म्हणाले, "हेडमास्तर, मोठेपणीही 'मग?' विचारीत राहणे, याचेच नाव अर्थशास्त्र. बाकी सारे आकडे."

त्यांच्या या 'मग?'चा पहिला बळी म्हणजे माझे मेहुणे. ते कोथरूडला राहतात. मंडईत भाजी स्वस्त मिळते म्हणून ते रिक्षाने येतात, चाळीसएक रुपये वाचवितात आणि जाण्यायेण्याच्या रिक्षाला त्याच्या कितीतरी पट मोजतात. मी हा हिशेब प्रोफेसरांना हसत हसत सांगितला. माझी अपेक्षा अशी की, तेही हसतील. परंतु ते गंभीर झाले. "मग? ते मंडईत येऊन आणखी काय काय करतात?" मी आठवू लागलो. मेहुणे येतात ते आमच्याकडे डोकावतात. तुळशीबागेतल्या एका जुन्या मित्राच्या दुकानात अर्धा तास बसतात. चहा होतो, जुन्या आठवणी निघतात. "म्हणजे त्यांनी भाजी विकत घेतलीच नाही," प्रोफेसर म्हणाले, "त्यांनी एक सकाळ विकत घेतली. भाजी वर मिळाली. सौदा वाईट नाही!"

पुण्यातील जुन्या पेठांमधली कित्येक दुकाने दुपारी एक ते चार बंद असतात. या गोष्टीची चेष्टा उभ्या महाराष्ट्राने केली आहे. प्रोफेसर मात्र त्या दुकानदारांची बाजू घेतात. तीन तासांत जे गिऱ्हाईक येईल, त्याचा नफा सोडून तो मनुष्य झोप घेतो. त्या झोपेची किंमत तो रोज रोख मोजतो. आणि कुरकुर न करता मोजतो. "एवढ्या महागड्या झोपेतून त्याला उठविण्याचा आपल्याला काय अधिकार?" असे म्हणून ते बंद दारावरची पाटी आदराने वाचतात. मला तेव्हा भर उन्हात सुतळीचा गुंडा हवा असतो, ही गोष्ट निराळी.

मंडईची इमारत तुम्ही पाहिली असेल. मधोमध अष्टकोनी उंच मनोरा आणि त्याच्या भोवती पसरलेले भाजीचे गाळे. १८८६ साली ती खुली झाली, तेव्हा मुंबई प्रांताचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावावरून तिला 'रे मार्केट' म्हणत. ती बांधण्याचा विचार पुणे नगरपालिकेत निघाला, त्या वेळी महात्मा जोतीराव फुले नगरपालिकेचे सभासद होते. एवढा पैसा इमारतीवर ओतण्यापेक्षा तो शिक्षणाकडे लावावा, असे सांगून त्यांनी या खर्चाला विरोध केला. इमारत झालीच. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना त्यांच्या पुढाकाराने याच इमारतीला महात्मा फुले यांचे नाव देण्यात आले. ज्यांनी मंडई नको म्हटले, त्यांचेच नाव मंडईला! मी ही गंमत म्हणून सांगतो. प्रोफेसर तिच्यातही आपला धडा शोधतात. ते म्हणतात, "रुपया एका वेळी दोन ठिकाणी नोकरी करीत नाही. मनोऱ्यात बसलेला रुपया शाळेत जात नाही. फुल्यांनी नेमके हेच विचारले होते." अत्रे स्वतः मुख्याध्यापक होते, एवढे मी यात आवर्जून घालतो.

आता कांद्याची हकीकत सांगतो. ती सांगण्यासाठीच खरे म्हणजे ही लेखणी उचलली.

२०२३ सालचा फेब्रुवारी महिना होता. मंडईत एका बाईंनी कांदा वीस रुपये किलो सांगितला. मी नेहमीप्रमाणे दोन पावले पुढे गेलो, मागे वळलो, तोंडावर उदासीनता आणली आणि शेवटी पंधरा रुपयांनी दोन किलो कांदा घेतला. दहा रुपये वाचले! घासाघीस ही एक कला आहे आणि ती मला बऱ्यापैकी साधली आहे, असा माझा समज. घरी आल्यावर मी तो पराक्रम सौभाग्यवतीला सांगितला. प्रोफेसर जिन्यातच उभे होते. ते म्हणाले, "मग?" मी दार लावून घेतले.

त्याच आठवड्यात माझा एक जुना विद्यार्थी भेटीला आला. मी काही वर्षे खेड तालुक्यातील एका शाळेत होतो, तेव्हाचा हा मुलगा. आता शेती करतो. बरोबर त्याची सातवीत शिकणारी मुलगी होती आणि खांद्यावर कांद्याचे अर्धे पोते. "सर, घरचा आहे," असे म्हणून त्याने ते स्वयंपाकघराच्या दाराशी टेकविले. मी म्हटले, "अरे, एवढा कशाला? बाजारात विकायचा." तो हसला, पण ते हसणे मला बरे वाटले नाही. त्याने खिशातून घडी घातलेला एक कागद काढून माझ्या हाती दिला. ती आडत्याच्या दुकानची हिशेबपट्टी होती. मी चष्मा शोधू लागलो, तोवर मुलीने ती पट्टी वर्गात धडा वाचावा तशी खणखणीत आवाजात वाचून दाखविली. भाव किलोला चार रुपये. त्यातून गाडीभाडे वजा, हमाली वजा, तोलाई वजा. उरलेल्या रकमेत पेरणीचा आणि काढणीच्या मजुरीचा खर्चही निघत नव्हता.

"या कांद्यावर हिला सायकल घेऊन द्यायची होती," तो म्हणाला. "शाळा चार किलोमीटर आहे. बघू आता."

मुलीने पट्टीची घडी पुन्हा नीट घातली आणि मला विचारले, "आजोबा, तुम्ही कांदा कितीला घेता?"

मी उत्तर टाळण्याच्या विचारात होतो. पण आतून सौभाग्यवतीने मोठ्या कौतुकाने सांगून टाकले, "अगं, वीसचा भाव होता, यांनी पंधराला आणला!"

मुलगी क्षणभर बोटे मोडीत राहिली. मग म्हणाली, "चार आणि पंधरा. मधले अकरा रुपये कुणाचे?"

मराठीत एम. ए. झालेल्या माणसाजवळ या प्रश्नाचे उत्तर नव्हते. मी प्रोफेसरांना हाक मारली. ते आले, खुर्चीवर बसले आणि प्रथम त्यांनी त्या मुलीला हात जोडून नमस्कार केला. मुलगी गोंधळली. "हा प्रश्न मी माझ्या विद्यार्थ्यांकडून तीस वर्षे ऐकण्याची वाट पाहत होतो," ते म्हणाले.

त्यांनी जे सांगितले ते थोडक्यात असे. शेतातून निघालेला कांदा आडत्याकडे येतो. तेथून मोठा व्यापारी, मग गुलटेकडीच्या मार्केट यार्डासारखा घाऊक बाजार, मग किरकोळ विक्रेता, असे त्याचे हात बदलत जातात. प्रत्येक हाताला काही द्यावे लागते. वाटेत थोडा कांदा सडतो, थोडा वाळून वजनात घटतो. ती तूटही भावात मिसळते. मंडईतल्या बाईंना गाळ्याचे भाडे आहे, संध्याकाळी उरलेल्या मालाची चिंता आहे. "तेव्हा हेडमास्तर, तुम्ही त्या बाईंना पूर्ण वीस रुपये दिले असते, तरी ते पाच रुपये खेडला पोहोचले असते असे समजू नका. तसेच ते तुम्ही वाचविले म्हणून खेडचे नुकसान तुमच्यामुळे झाले, असेही नाही." मला थोडे हलके वाटले. लगेच ते म्हणाले, "पण त्या बाईंचे काय?" आणि मी पुन्हा जड झालो.

त्याच महिन्यात सोलापूरच्या बाजारातली एक बातमी वर्तमानपत्रांत आली होती. एका शेतकऱ्याने ५१२ किलो कांदा विकला. भाव मिळाला किलोला एक रुपया. सर्व खर्च वजा जाता त्याच्या हाती पडले दोन रुपये एकोणपन्नास पैसे. आमच्या पाहुण्यालाही ती बातमी ठाऊक होती. "म्हणजे मी बरा," एवढेच तो बोलला.

भाव एवढा का पडला? रांगडा कांदा, म्हणजे पावसाळ्याच्या अखेरीस लावून हिवाळ्यात निघणारा कांदा, पाण्याने भरलेला असतो आणि फार दिवस टिकत नाही. उन्हाळी कांदा चाळीत नीट ठेवला तर चार-पाच महिने सहज राहतो; याला मात्र काढला की विकलाच पाहिजे. सगळ्यांचा माल एकदम बाजारात आला की भाव कोसळतो. शिवाय आणखी एक भानगड आहे. एका वर्षी भाव चढला की पुढच्या हंगामात जो तो कांदाच लावतो. मग कांदा उदंड होतो व भाव पडतो. पडला की लोक दुसऱ्या पिकाकडे वळतात आणि कांदा पुन्हा महागतो. या फेऱ्याची आकृती कागदावर काढली तर ती कोळ्याच्या जाळ्यासारखी दिसते, म्हणून अर्थशास्त्रात त्याला जाळ्याचेच नाव आहे. प्रोफेसरांनी आमच्या दूधवाल्याच्या बिलामागे ती आकृती काढून दाखविली. मुलीने ते बिल मागून घेतले.

पुढे काय झाले तेही सांगतो. तिच्या वडिलांनी त्या वर्षीचा उन्हाळी कांदा शेजाऱ्याच्या चाळीत ठेवला. पावसाळ्यात भाव चढू लागला, तसा त्यांनी तो विकला आणि सायकल आली. मला तिचे छायाचित्र पाठविण्यात आले. सायकलीच्या पुढच्या टोपलीत एक कांदा ठेवलेला होता! पण शहरात आता कांदा महाग झाला होता. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्र सरकारने परदेशी जाणाऱ्या कांद्यावर चाळीस टक्के निर्यातशुल्क बसविले आणि ८ डिसेंबरला निर्यात बंदच केली. कांदा देशातच राहिला तर तो स्वस्त होईल, हा त्यामागचा हेतू. तसा तो झालाही. माझ्या घरी समाधान पसरले. त्याच दिवसांत खेडहून फोन आला. चांगल्या भावाच्या आशेने त्याने जास्त लावलेला लाल कांदा नेमका तेव्हा बाजारात आला होता.

मी रागाने प्रोफेसरांना गाठले. "हे धोरण बरोबर की चूक, एका शब्दात सांगा."

"एका शब्दात? मग?"

"उत्तर हवे आहे, प्रश्न नको!"

तेव्हा त्यांनी मला समजाविले. जो मजूर रोज आणून रोज खातो, त्याच्या भाकरीबरोबर कांदाच असतो. तो महागला तर त्याची भाकरी कोरडी. १९९८ साली कांदा असा महागला की दिल्लीच्या निवडणुकीतही तोच गाजला. म्हणून सरकारला त्या मजुराकडे पाहावेच लागते. पण निर्यात बंद केली की शेतकऱ्याचा भाव पडतो. एवढेच नव्हे, तर बांगलादेशातील गृहिणीलाही आपल्याच कांद्याची सवय आहे. आपण दार लावले की तिथे कांदा महागतो आणि तिथले व्यापारी दुसऱ्या देशांची दारे ठोठावतात. उद्या आपण दार उघडले, तरी गेलेले गिऱ्हाईक सगळेच परत येईल असे नाही. निर्यातबंदी ४ मे २०२४ रोजी उठली. शुल्क पूर्णपणे जायला मात्र १ एप्रिल २०२५ उजाडावा लागला. "दोन्ही पारड्यांत माणसेच बसलेली आहेत," ते म्हणाले. "एका पारड्याकडे पाहून निकाल देणे फार सोपे असते."

"पण मग करायचे काय? तुम्ही मंत्री असता तर?"

"तर मी आधी दोन्ही घरांच्या हिशेबपट्ट्या मागविल्या असत्या."

हे उत्तर मला पळवाटेचे वाटले आणि मी तसे बोलूनही दाखविले. दुसऱ्या दिवशी ते मला फिरायला म्हणून डेक्कन जिमखान्याकडे घेऊन गेले. तिथे सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटीच्या आवारात गोखले अर्थशास्त्र संस्था आहे. नामदार गोपाळ कृष्ण गोखले मूळचे शिक्षक. त्यांनी लिहिलेले अंकगणिताचे पुस्तक शाळांतून चालत असे. मार्च १९०२ मध्ये कलकत्त्याच्या कायदेमंडळात सरकारने अंदाजपत्रक मांडले. तिजोरीत भरपूर शिल्लक होती आणि सरकार त्यावर संतुष्ट होते. गोखल्यांनी आकड्यांनिशी विचारले की, प्रजा दुष्काळाने गांजलेली असताना तिजोरी भरते, ती कशी? कर गरजेपेक्षा जास्त आहेत, म्हणून. मिठावरचा कर १८८८ मध्ये मणामागे दोन रुपयांवरून अडीच रुपये झाला होता. मीठ श्रीमंत खातो तेवढेच गरीबही खातो; परंतु गरिबाच्या कमाईत तो कर किती मोठा! गोखल्यांनी आणि इतरांनी हा आग्रह सोडला नाही. १९०३ मध्ये तो कर दोन रुपयांवर, १९०५ मध्ये दीडवर आणि १९०७ मध्ये एक रुपयावर आला. "भाषणाच्या आवेशाने नाही," प्रोफेसर म्हणाले, "अंकगणिताने."

गोखल्यांच्या नावाची ही संस्था १९३० साली निघाली व धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले संचालक झाले. पुण्यात फळे कशी येतात आणि कशी विकली जातात, याची पाहणी करून त्यांनी १९३३ मध्ये एक पुस्तकच प्रसिद्ध केले. पुढे तर साऱ्या पुणे शहराची पाहणी झाली. त्या मुलीचा 'मधले अकरा रुपये' हा प्रश्न मनात धरून कोणी माणूस वही घेऊन बाजारात हिंडला होता, हे ऐकून मला मोठा अचंबा वाटला. गाडगीळ नुसते मोजून थांबले नाहीत. ऊस पिकविणाऱ्यांनीच कारखान्याचे मालक व्हावे, म्हणून विठ्ठलराव विखे पाटलांनी लोणीजवळ प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभारला, त्याचे पहिले अध्यक्ष हेच गाडगीळ. १९५० च्या अखेरीस तेथे ऊस गाळला जाऊ लागला.

घरी येताच मी एक शंभर पानी वही आणली. दर रविवारी खेडहून फोन येतो. ती मुलगी आता मोठी झाली आहे. पण आवाज तसाच खणखणीत. ती तिच्या बाजारातला भाव सांगते, मी मंडईतला सांगतो. दोघांच्या वह्यांत तीन रकाने आहेत. तिचा भाव, माझा भाव आणि तिसऱ्या रकान्यावर तिने लिहिले आहे, 'मधले'. मी अजूनही घासाघीस करतो. मात्र वहीत भाव लिहिताना तो आधीचा लिहायचा की नंतरचा, यावरून आमचे भांडण होते.

मागच्या रविवारी प्रोफेसरांनी वही बराच वेळ चाळली. तिसऱ्या रकान्यावर बोट ठेवून ते म्हणाले, "हा नुसता वजाबाकीने भरला आहे. हमाल किती घेतो, गाडीवाला किती घेतो, सडतो किती, हे कोण लिहिणार?" तेव्हा परवा पहाटे चार वाजता आम्ही दोघे मार्केट यार्डात जाणार आहोत. सौभाग्यवतीने सवयीने दोन पिशव्या काढून ठेवल्या. प्रोफेसर म्हणाले, "वहिनी, पिशव्या राहू द्या, दोन पेन्सिली द्या."